थंडीला जामीन

बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाकडे लोक तीन गोष्टी मागतात. पेन, गोंद आणि जामीन. पेन मी देतो, पण टोपण काढून घेऊन देतो. टोपणाशिवायचं पेन कोणी खिशाला लावत नाही, हा माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीतला एकमेव मौलिक शोध आहे. गोंद संपलेला असतो. तो शेवटचा कधी आला होता हे शाखेतल्या जुन्या माणसांनाही आठवत नाही. राहता राहिला जामीन. ‘कुणाला जामीन राहू नकोस,’ असं आमचे वडील मला मिसरूड फुटल्यापासून सांगत होते, आणि मी बी.कॉम. होऊन नेमका बँकेत चिकटलो तेव्हा त्यांनी ते डोळे वटारून पुन्हा सांगितलं. वडिलांचं मी फारसं काही ऐकलं नाही, पण हे ऐकलं. ज्या उपदेशाने पैसे वाचतात तो पाळायला माणसाला विशेष कष्ट पडत नाहीत.

असा मी गेल्या डिसेंबरात अडचणीत आलो, तो पुतण्याच्या एका फोनमुळे.

हा आमच्या दादाचा मुलगा. पुण्यात इंजिनियर झाला, एका कंपनीत लागला आणि गेल्या पावसाळ्यात तिथून निघाला. (‘निघालो’ हा त्याचा शब्द. दादा ‘सोडली’ म्हणतो. वहिनी काहीच म्हणत नाहीत, पदराने डोळे पुसतात.) चार मित्र मिळून त्यांचा बँड आहे आणि त्या बँडने हिवाळा या विषयावर एक अख्खा अल्बम केला आहे. सहा गाणी, ४७ मिनिटं, पैकी एकच गाणं १९ मिनिटांचं. प्रकार प्रोग्रेसिव्ह मेटल.

आता आमच्या बोरीत मेटल म्हणजे खडी. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. मेटल टाकणे, मेटल पसरणे, मेटलवर रोलर फिरवणे ही सगळी क्रियापदं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. प्रोग्रेसिव्ह म्हणजे प्रगतिशील, हेही ठाऊक होतं. कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात फेटा बांधून ज्याचा सत्कार होतो तो प्रगतिशील शेतकरी. तेव्हा प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे प्रगतिशील खडी, असा अर्थ मी मनाशी लावला. आणि ऐकायला बसल्यावर पहिली पाच मिनिटं तरी तो अर्थ बदलायचं काही कारण मला दिसलं नाही.

पुतण्याचं म्हणणं दोन कलमी होतं. एक, ‘काका, तुम्ही लिहिता, तुम्हाला कळेल. रात्री दिवा बंद करून, हेडफोन लावून ऐका आणि अगदी खरं काय ते सांगा.’ दुसरं कलम त्याने जरा खाकरून काढलं. ध्वनिमुद्रणाचं उरलेलं काम आणि तबकड्या छापणं यासाठी तिथल्या एका पतसंस्थेकडून २ लाखांचं कर्ज घ्यायचं होतं. दोन पगारदार जामीनदार लागत होते. एक ड्रम वाजवणाऱ्याचा मामा तयार झाला होता.

‘आणि दुसरा?’ मी विचारलं. हा प्रश्न विचारण्याची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादा काउंटरवर हजर. पासबुक भरून घ्यायच्या निमित्ताने आला होता. ‘विहिरीवरची मोटार जळाली,’ तो म्हणाला, ‘रिवाइंडिंगला टाकलीय. गव्हाला पाणी नाही. आणि हे कार्टं नोकरी सोडून बोंबलत बसलंय. तुझं ऐकतो तो. तू त्याला एकदा सांगून टाक, की बाबा हे भंगार आहे.’

‘तू ऐकलंस का दादा?’

‘भंगार आहे हे कळायला ऐकावं कामून लागतंय?’

म्हणजे पोराला हवं होतं खरं. दादाला हवं होतं उपयोगाचं खरं. पतसंस्थेला खऱ्याखोट्याशी कर्तव्य नव्हतं, तिला सही हवी होती. आणि माझ्या घरात हे सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला गेला: ‘पोरीच्या फीचे पैसे कुठल्या खात्यात आहेत?’

मराठवाड्यात थंडी पडते हे पुण्यामुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर मराठवाडा म्हटलं की टँकर येतो. पण परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि तेवढ्या एका दिवसापुरतं आमचं नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं. सपाट मुलूख, काळी जमीन, वारा अडवायला डोंगर नाही. पहाटे पाच वाजता एस.टी.ची वाट बघत उभा असलेला माणूस काहीही कबूल करायला तयार असतो. पेपरवाले याला ‘गुलाबी थंडी’ म्हणतात. ही गुलाबी थंडी फक्त रजई असलेल्या माणसाला दिसते.

तर अशा थंडीत, कानटोपी, तिच्यावर हेडफोन, वरून घोंगडं, अशा वेषात मी अंधारात बसलो. पहिलं गाणं सुरू झालं. मग गायक सुरू झाला. गायक म्हणजे, एखाद्या म्हाताऱ्या रेड्याला दमा व्हावा आणि त्याच वेळी त्याला सात-बाराच्या उताऱ्यात चूक सापडावी, तसा आवाज. हेडफोनमधून झिरपलेला तो आवाज ऐकून आमची ही उठून आली आणि न बोलता ज्येष्ठमधाची काडी माझ्या हातात ठेवून गेली. पुढे पुतण्याने सांगितलं की तो आवाज घसा बसल्याचा नाही, शिकून काढलेला आहे. आपल्या गळ्यात खऱ्या स्वरपडद्यांच्या वर खोट्या पडद्यांची एक जोडी असते, तिला कामाला लावून तो काढतात. खोट्या पडद्यांतून खरं काय ते सांगायचं, ही सोय बँकेत असती तर वसुलीचं काम फार सोपं झालं असतं.

दुसऱ्या गाण्यात मात्र मी सावरून बसलो. भजनी मंडळात दहा वर्षं मी पखवाजवाल्याच्या शेजारी बसून टाळ कुटलेले आहेत. माझी बोटं आपोआप मांडीवर मोजायला लागली. एक दोन तीन, एक दोन, एक दोन. सात! अरे, हा तर रूपक! नेहमीच्या इंग्रजी गाण्यात चार-चारचा हिशेब असतो, तो मोडून पाच, सात, अकरा असे आडनिडे आकडे वापरणं ही या प्रोग्रेसिव्ह मंडळींची खूण आहे म्हणे. अमेरिकेत ड्रीम थिएटर नावाची एक मंडळी आहेत, १९८५ साली बोस्टनच्या संगीत महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेली. आकडेमोडीत ती आमच्या ऑडिटरलाही ऐकायची नाहीत. पण सात मात्रांचं कौतुक आम्हाला कोणी सांगू नये. आमच्या रूपकाची तऱ्हा तर आणखी वेगळी, त्याच्या समेवर टाळी नसते, खाली असते. जिथे ठणकावून सांगायचं तिथे हात रिकामा! हे मी पुतण्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका गप्प झाला, की मला वाटलं फोन कट झाला.

पण माझं खरं भांडण तालाशी नव्हतंच. गाणी इंग्रजीत होती आणि त्यांत गोठलेली तळी होती, बर्फाखाली गाडली गेलेली गावं होती, लांडगे होते. या पोराने आयुष्यात पाहिलेला सगळ्यांत मोठा बर्फ म्हणजे परभणीच्या उरुसात फेब्रुवारी महिन्यात खाल्लेला गोळा, तोही काला खट्टा. लांडगा त्याने पाहिलेला नाही. आमच्या आळीतलं पिवळं कुत्रं त्याला एकदा चावलं होतं, तेवढाच काय तो जंगलाशी संबंध. मी त्याला सरळ विचारलं, ‘बाबा, जी थंडी तू भोगली नाहीस तिची गाणी म्हणणं ही लबाडी नाही का?’

तो म्हणाला, ‘काका, नॉर्वेत इम्मॉर्टल नावाचा बँड आहे. हिवाळा म्हटलं की जगात लोक आधी त्यांचं नाव घेतात. १९९९चा त्यांचा अल्बम तर थेट हिवाळ्याच्या काळजातलाच आहे. त्यांनी बर्फाचं एक अख्खं राज्यच कल्पनेत वसवलंय. आणि ते कुठले, माहितीय? बर्गनचे. समुद्रकाठचं शहर. बर्फासाठी नव्हे, पावसासाठी प्रसिद्ध. वर्षातले दोनशेच्या वर दिवस तिथे छत्री लागते.’

हे ऐकून मी जरा नरमलो. म्हणजे ही मंडळी आमच्या महाबळेश्वरचीच म्हणायची, फक्त तोंडाला रंग फासलेली. मग त्याने फिनलंडच्या इन्सॉम्नियमचं सांगितलं. २०१६ साली त्यांनी हिवाळ्यावर अल्बम काढला, त्यात गाणं एकच, ४० मिनिटांचं. गायकाने स्वतः लिहिलेल्या एका गोष्टीवर बेतलेलं. गोष्ट जुन्या काळच्या समुद्री लुटारूंची. तिथे बर्फ भरपूर, पण लुटारू कुठून आणले? आपल्या मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ साली विष्णूच्या दहा अवतारांवर अल्बम केला. मत्स्यावतार गाण्याआधी तुम्हाला पोहता येतं का, असं त्यांना कोणी विचारलं नाही. (मुंबईतच ‘भयानक मौत’ नावाचाही बँड आहे. त्यांच्याबाबत तर अनुभवाची अट घालणंच शक्य नाही.) इटलीच्या विवाल्डीने चार ऋतू वाजवले, ते १७२५ साली छापून निघाले. त्याच्या हिवाळ्यात व्हायोलिन दातांसारखी कडकड वाजतात. ऐकणारा घामाघूम असला तरी त्याला हुडहुडी भरते. आमच्याकडे जुन्या मंडळींनी शिशिराला मालकंस नेमून दिला, पण मे महिन्यात मालकंस गाणाऱ्यावर कुणी फिर्याद केल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा भोगलं की नाही, या कसोटीवर केस उभी राहत नाही. पण मग उभी राहते कशावर? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी रोज बँकेत जात होतो, आणि तिथे त्या दिवसांत हयातीचे दाखले चालले होते.

ज्यांनी तो प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. आमच्याकडे मागे राहिलेली माणसं डिसेंबरातही येतात. २०१४पासून हे यंत्रावरही करता येतं. बोट ठेवा, ठसा जुळला की तुम्ही जिवंत. आता आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे ठसे आयुष्यभराच्या कामात झिजलेले, त्यात थंडीने बोटं उललेली. यंत्र त्यांना ओळखत नाही. एका शिक्षकाची विधवा आई, कुटुंबवेतनावर जगणारी, सकाळच्या गारठ्यात शाल गुंडाळून आली. दहाही बोटं झाली. खोबरेल लावून झालं, पुसून झालं. यंत्राचं म्हणणं एकच: नाही.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘लेकरा, तुला मी उघडा-नागडा हुंदडताना पाह्यलंय. मी जित्ती हाय हे तुला दिसंना का?’

‘मला दिसतंय आजी, त्याला दिसत नाही.’

‘मंग तू कामून हाईस इथं?’

त्यावर उपाय असतो. कागदी नमुना असतो. निवृत्तिवेतनधारक आज समक्ष हजर होते, असं लिहून अधिकारी सही करतो. साहेबांनी केली. मी तो कागद पुढे सरकवला आणि तिची बोटं बघता बघता मला आठवला तो टोनी आयोमी. या साऱ्या खडीचा मूळ ठेकेदार. इंग्लंडात बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात होता, वय १७. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायची ती हीच बोटं. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. तेव्हा कारखान्यातल्याच वरच्या माणसाने त्याला एक तबकडी आणून ऐकवली, जँगो राइनहार्टची. आगीत भाजल्यामुळे त्याची डाव्या हाताची दोनच बोटं तारांवर धड चालायची, आणि वाजवणं असं की ऐकत राहावं. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, बोटांना झेपाव्यात म्हणून हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या ढिल्याही केल्या. ढिल्या तारांचा तो जड, खोल आवाज. फेब्रुवारी १९७०मध्ये ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी निघाली, तिच्यापासून या मेटलचा वंश मोजतात. आमच्या यंत्रावर आयोमीने ती दोन बोटं ठेवली असती तर त्यानेही ‘नाही’ म्हटलं असतं.

त्या कारखान्यातल्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. त्याने ‘तू छान वाजवतोस’ म्हटलं नाही. ‘होईल सगळं नीट’ही म्हटलं नाही. एक तबकडी आणून लावली.

उलट मी! मित्रांच्या कवितासंग्रहांना आजवर मी किती वेळा ‘फार छान’ म्हटलं असेल याचा हिशेब काढला. बारा संग्रह निघाले. यांपैकी एकाही कवीला मी ५०० रुपयांना जामीन राहिलो असतो का? नाव काढू नका. म्हणजे ते बारा ‘छान’ कोऱ्या कागदावरचे होते. स्तुतीला मुद्रांक लागत नाही, म्हणून ती इतकी होते. आणि निंदेलाही लागत नाही. दादाचं ‘भंगार’ त्याच जातीचं, न ऐकता दिलेलं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझा पहिला लेख एका दिवाळी अंकात छापून आला, त्याला आता अठरा वर्षं झाली. अंक मी टपालाने दादाला पाठवला होता, तेव्हा माझी बदली बाहेरगावी होती. दादाने फोन केला: ‘लई भारी लिहिलंस. पोट धरून हसलो.’ आमच्या घरात तोवर कुणी काही लिहिलेलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी पुढचे वीसेक लेख लिहिले, त्यातले निम्मे साभार परत आले तरी लिहिले. परवा दिवाळीच्या साफसफाईत दादाच्या माळ्यावरून तो अंक खाली आला. टपालाची कागदी पट्टी जशीच्या तशी. फाडलेलीच नव्हती.

मी तो अंक पट्टीसकट पुन्हा माळ्यावर ठेवला. राग आला म्हणावं तर तसं नाही. त्या खोट्याने माझं भलंच झालं. पण तेव्हापासून एक खुटखुट लागली आहे, की तो लेख खरोखर बरा होता की नव्हता? अठरा वर्षं मी ज्या भिंतीला टेकून बसलो ती भिंत होती की पडदा? आणि आता हाच दादा मला म्हणतो, पोराला सांग भंगार आहे. तेव्हा न वाचता ‘भारी’, आता न ऐकता ‘भंगार’. दोन्ही वेळा माया खरी आणि साक्ष खोटी.

मी अल्बम पुन्हा ऐकला. तीन रात्री ऐकला. हयातीच्या दाखल्यात मी एवढंच लिहू शकतो की अमुक माणूस माझ्यासमोर हजर होता. तो चांगला आहे की वाईट, आणखी किती जगेल, हे मला लिहिता येत नाही, विचारतही नाहीत. तेवढं तरी नीट बघावं म्हणून ऐकला. १९ मिनिटांचं गाणं ११ मिनिटांपर्यंत जिवंत आहे. पुढची ८ मिनिटं पोरं नुसती बोटांची चपळाई दाखवतात, आम्ही नोटा मोजताना गिऱ्हाईकासमोर दाखवतो तशी. पाचवं गाणं कुणाचं तरी ऐकून केलेलं आहे. आणि चौथं.

चौथ्या गाण्यात साधारण तिसऱ्या मिनिटाला सगळा गदारोळ थांबतो. एकटी गिटार उरते, आणि तिच्या मागे लांबून एक घरघर ऐकू येते. एकसारखी, मध्येच कण्हणारी. पहिल्या दोन रात्री मला वाटलं हेडफोन बिघडला. तिसऱ्या रात्री मी ताडकन उठून बसलो. ती आमच्या विहिरीवरची मोटार होती.

पुतण्याला विचारलं, तर म्हणाला, ‘गेल्या दिवाळीत आलो होतो ना, तेव्हा रात्री जाऊन रेकॉर्ड केली.’ मग जरा वेळाने म्हणाला, ‘काका, मी नऊ वर्षांचा होतो. भारनियमन होतं, शेतावर लाइट रात्री दोनला यायची. पप्पा मला बॅटरी धरायला न्यायचे. ते गव्हात पाण्यात उभे असायचे, अनवाणी. मी बांधावर. मला वाटायचं त्यांचे पाय आता गोठणार आणि मला एकट्याला घरी जावं लागणार. तेच लिहिलंय. तळं म्हणजे ते वाफे.’

‘मग लांडगे कशाला घातलेस रे?’

‘कोल्हे ओरडायचे. इंग्रजीत लांडगे बरे वाटतात.’

मी त्याला सगळं सांगितलं. ११ मिनिटांचं, ८ मिनिटांचं, पाचव्या गाण्याचं. तो दोनदा दुखावला आणि एकदा भांडला. चौथं गाणं माझ्यासमोर हजर होतं, असंही सांगितलं. एकट्या चौथ्या गाण्यापुरता जामीन राहता येईल का, म्हणून पतसंस्थेला विचारून बघ, असंही म्हणालो. तशी सोय नव्हती. तेव्हा पूर्ण २ लाखांवर सही केली. सही करताना वडिलांचे वटारलेले डोळे आठवले आणि हात कापला, पण थंडीही होतीच. आमच्या हिने कागद उलटसुलट करून वाचला. ‘बुडाले तर?’ म्हणाली. बुडाले तर ३६ हप्ते माझ्या पगारातून, हे तिला माहीत होतं. तिने चष्मा काढून ठेवला आणि आत जाऊन पोरीच्या फीचं पासबुक दुसऱ्या डब्यात हलवलं.

त्या रविवारी दादाला घरी बोलावलं. शेकोटीशी बसवलं, हुरडा भाजला, आणि तो काही बोलायच्या आत कानटोपी काढून त्याच्या कानाला हेडफोन लावले. चौथं गाणं, तिसऱ्या मिनिटापासून. गाणं कुणाचं आहे ते सांगितलं, कशाचं आहे ते सांगितलं नाही. दादा कणीस हातात तसंच धरून बसला. घरघर सुरू झाली असावी, कारण त्याने मान तिरकी केली. तो पूर्ण वेळ निखाऱ्यांकडे बघत होता. संपल्यावर त्याने हेडफोन काढले नाहीत, बोटानेच ‘पुन्हा लाव’ अशी खूण केली. मी पुन्हा लावलं.

दुसऱ्यांदा संपल्यावर त्याने ते कानावरून उतरवले आणि कणसाचे दाणे चोळायला लागला.

‘बेअरिंग तेव्हाच गेलं होतं बघ,’ तो म्हणाला. ‘साफ ऐकू येतंय. मी दिवाळीपासून म्हणत होतो, कुणी ऐकलं नाही.’